विश्लेषण : फायनान्सने ओढलेली गाडी ऑनलाइन लिलावात खरेच स्वस्त पडते का?

नागपूरपासून सुमारे २० किलोमीटरवरच्या खापरखेड्यात चारचाकीची गरज कुणाला समजावून सांगावी लागत नाही. एकीकडे महानिर्मितीचे १,३४० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र, तर आजूबाजूला वेकोलिच्या कोळसा खाणी. पाळी रात्री-अपरात्री सुटते. मोठे रुग्णालय, कॉलेज, लग्नाचा बस्ता यांसाठी कोराडीमार्गे नागपूर गाठावे लागते. नव्या गाडीचा हप्ता कंत्राटी पगारात बसत नाही आणि ओळखीतली जुनी गाडी हवी तेव्हा मिळत नाही. अशा वेळी मोबाइलवर एक जाहिरात येते. बँकेने जप्त केलेली गाडी, बाजारभावापेक्षा कितीतरी कमी राखीव किंमत, खाली उलटे मोजणारे घड्याळ आणि ‘बोली लावा’ असे बटण.

ही जाहिरात दर वेळी खोटी असते असे नाही. बँका, वित्तीय कंपन्या, विमा कंपन्या आणि सरकारी खाती जुनी वाहने ऑनलाइन लिलावात काढतात आणि सामान्य माणसालाही त्यातली बरीच घेता येतात. पण तिथे दिसणारा आकडा म्हणजे गाडीची किंमत नव्हे आणि लिलाव जिंकणे म्हणजे गाडीचा मालक होणे नव्हे.

लिलावात गाड्या येतात कुठून?

सर्वाधिक चर्चा असते ती हप्ते थकल्यामुळे कर्ज देणाऱ्याने ताब्यात घेतलेल्या गाड्यांची. बोलीभाषेत ‘सीझिंगची’ किंवा ‘फायनान्सने ओढलेली’ गाडी. बँकेला गाडी नको असते, थकलेली रक्कम हवी असते. यार्डात उभ्या गाडीची किंमत दररोज घसरते, बॅटरी उतरते, टायर बसतात, उंदीर वायरिंग कुरतडतात. म्हणून ती लवकर विकण्याकडे कल असतो.

दुसरा प्रवाह विमा कंपन्यांचा. अपघातात किंवा पुरात सापडलेल्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च तिच्या विमा घोषित मूल्याच्या म्हणजे आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त निघाला, की ती ‘टोटल लॉस’ धरली जाते. मालकाला भरपाई मिळते आणि उरलेला सांगाडा लिलावात जातो. त्यातले काही खरोखर भंगारात निघतात, काही डेंटिंग-पेंटिंग होऊन पुन्हा रस्त्यावर येतात.

तिसरा प्रवाह पोलिसांचा. गुन्ह्यात जप्त केलेली किंवा बेवारस वाहने ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षे गंजत पडू नयेत, त्यांचा निकाल लवकर लावावा, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितले होते. कोणत्याही ठाण्याच्या मागे एक फेरी मारली तर त्या सांगण्याचे काय झाले ते कळते.

चौथा प्रवाह जुन्या गाड्यांच्या ऑनलाइन कंपन्यांचा. तिथे सामान्य माणूस गाडी विकायला नेतो, पण त्या गाडीवर बोली लावतात ते बहुतेक वेळा कंपनीशी जोडलेले डीलर. ग्राहकाने पाहिलेला ‘लिलाव’ हा त्यांचा आपसातला बाजार असतो. त्यामुळे एखादे ॲप उघडल्यावर पहिला प्रश्न हाच की इथे बोली लावण्याची मुभा कुणाला आहे?

वीज केंद्राची किंवा खाणीची जुनी जीप घेता येईल का?

खापरखेड्यात हा प्रश्न हमखास निघतो. सरकारी उपक्रमांच्या भंगाराचे आणि वाहनांचे ई-लिलाव केंद्र सरकारच्या एमएसटीसी या कंपनीच्या संकेतस्थळावर होतात. शासकीय खरेदीच्या ‘जेम’ पोर्टलवरही विक्रीच्या लिलावाची सोय आहे. पूर्वी खात्याची जुनी जीप लिलावात घेऊन ती पुढे दहा वर्षे पळवणारे लोक गावोगावी होते.

आता ते दिवस सरले. १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत नवा नियम लागू झाला. केंद्र व राज्य सरकारे, महापालिका, सार्वजनिक उपक्रम, स्वायत्त संस्था यांच्या मालकीच्या वाहनाला १५ वर्षे पूर्ण झाली, की त्याची नोंदणी संपते आणि नूतनीकरण होत नाही. असे वाहन नोंदणीकृत भंगार केंद्राकडेच जायला हवे. म्हणजे लिलावाच्या यादीत जीप दिसली, तरी ती १५ वर्षे पूर्ण झालेली असेल तर सामान्य खरेदीदारासाठी नसते. कुणी ‘आपली ओळख आहे, काढून देतो’ म्हणाले तरी ती पुन्हा रस्त्यावर नोंदवता येत नाही. १५ वर्षांच्या आतले सरकारी वाहन मात्र घेता येऊ शकते. त्याची कागदपत्रे बहुधा इतरांपेक्षा सरळ असतात.

मग लिलावातली गाडी स्वस्त का दिसते?

कारण ती किरकोळ नव्हे, घाऊक बाजारातली किंमत आहे. लिलावात तुमच्यासमोर बोली लावणारे बहुतेक जण जुन्या गाड्यांचे व्यापारी असतात. त्यांचे गणित उलटे चालते. समजा, एखादी गाडी दुरुस्त करून, धुऊन-पुसून नागपुरात ४ लाख ५० हजारांना विकली जाईल. दुरुस्तीला ४० हजार, लिलावाचे शुल्क, कर आणि टोचन मिळून ३० हजार, दुकानाचे भाडे, अडकलेला पैसा आणि नफा मिळून ५० हजार. व्यापारी ३ लाख ३० हजारांवर थांबतो. (हे आकडे समजण्यापुरते.)

घरच्या वापरासाठी घेणाऱ्याला ते शेवटचे ५० हजार मिळवायचे नसतात. म्हणून तो ३ लाख ३५ हजारांची बोली लावून जिंकू शकतो आणि सगळा खर्च धरून गाडी त्याला ४ लाख ५ हजारांना पडते. बचत ४५ हजारांची. बोली ३ लाख ८० हजारांवर गेली की बचत शून्य. त्यापुढे प्रत्येक बोली म्हणजे नागपूरच्या डीलरकडे, चालवून पाहून, कदाचित थोड्या वॉरंटीसह मिळणाऱ्या गाडीपेक्षा महाग गाडी घेणे. लिलावातला फायदा एवढ्याच पट्ट्यात असतो. आणि तो फुकट नसतो. व्यापारी जे काम करतो, म्हणजे गाडी पारखणे, दुरुस्त करणे, आरटीओच्या चकरा मारणे, ते काम अंगावर घेण्याचा तो मोबदला असतो.

यात आणखी एक गोम आहे. अमेरिकेतल्या एका तेल कंपनीच्या तीन अभियंत्यांनी १९७१ मध्ये समुद्रातील तेलक्षेत्रांच्या लिलावांवर लिहिताना दाखवून दिले, की ज्याचा अंदाज सर्वांत जास्त चुकतो तोच अनेकदा लिलाव जिंकतो. याला पुढे ‘विजेत्याचा शाप’ असे नाव पडले. दहा व्यापाऱ्यांनी यार्डात जाऊन गाडी पाहिली, इंजिनचा आवाज ऐकला आणि ३ लाखांवर हात आखडता घेतला. घरबसल्या चार फोटो पाहून कुणी साडेतीन लाख म्हटले आणि जिंकले. त्याने स्पर्धा जिंकली, की इतर दहा जणांना जे दिसले ते त्याला दिसले नाही? म्हणून जाणकार बोली सुरू होण्याआधीच आपली कमाल रक्कम कागदावर लिहून ठेवतात. शेवटच्या मिनिटाला बोली आली की वेळ आपोआप वाढवण्याची सोय बहुतेक संकेतस्थळांवर असते. त्या वाढीव दोन-दोन मिनिटांत माणूस गाडीसाठी नव्हे, हरू नये म्हणून बोली लावतो.

बोलीव्यतिरिक्त किती पैसे जातात?

भाग घेण्यासाठी आधी बयाणा रक्कम भरावी लागते. हरल्यास ती परत मिळते. जिंकून पैसे भरले नाहीत तर जप्त होते. त्यानंतर येते लिलाव कंपनीचे सेवाशुल्क. ते कुठे ठरावीक रकमेचे, कुठे बोलीच्या टक्केवारीत असते आणि त्यावर जीएसटी वेगळा.

गाडीवरच्या जीएसटीकडे लोकांचे लक्ष जात नाही. २१ डिसेंबर २०२४ रोजी जैसलमेर येथे झालेल्या जीएसटी परिषदेच्या ५५ व्या बैठकीत सर्व प्रकारच्या जुन्या वाहनांवर १८ टक्के हा एकच दर ठरला. तो पूर्ण किमतीवर नसतो, विक्रेत्याच्या फरकावर असतो. एका सामान्य माणसाने दुसऱ्याला विकलेल्या गाडीवर तो लागत नाही. पण विकणारी बँक किंवा कंपनी असेल तर लागतो आणि जप्त गाडीसाठी हा फरक काढण्याची रीत निराळी आहे. नोंदणीकृत व्यापारी नसलेल्या कर्जदाराकडून ती ओढलेली असेल, तर त्याने ज्या किमतीला गाडी घेतली त्यातून दर तिमाहीला पाच टक्के वजा करायचे आणि उरेल ती बँकेची खरेदी किंमत मानायची.

उदाहरणार्थ, ७ लाखांची गाडी तीन वर्षांनी म्हणजे १२ तिमाहींनी विकली, तर ६० टक्के वजा जाऊन खरेदी किंमत २ लाख ८० हजार धरली जाईल. ती ३ लाख ५० हजारांना गेली तर फरक ७० हजार आणि कर १२ हजार ६०० रुपये. पण पाच वर्षांत २० तिमाही होतात. त्याहून जुन्या गाडीत वजा करायला काही उरतच नाही आणि साडेतीन लाखांच्या बोलीवर हाच कर ६३ हजारांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने तर बोलीआधीच लेखी विचारावे की रक्कम करासह आहे की कर वेगळा?

उरलेले खर्च छोटे, पण चिकट. ठरलेल्या मुदतीत गाडी उचलली नाही तर यार्डाचे दररोजचे भाडे. विमा किंवा पीयूसी संपलेली गाडी चालवत आणता येत नाही, म्हणून टोचन. नवी बॅटरी, बहुधा टायर. किल्ली एकच असेल किंवा नसेलच, तर नव्या गाड्यांत तिचा खर्च काही हजारांत जातो. आरटीओचे हस्तांतरण शुल्क त्या मानाने किरकोळ असते, एजंटचे नसते. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, कारण तो गाडीचा नव्हे, माणसाचा असतो.

‘जशी आहे, जेथे आहे’ याचा अर्थ काय?

लिलावाच्या अटींमधली ही ओळ सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी वाचली जाणारी आहे. गाडी आहे त्या स्थितीत, आहे त्या जागी, दोषांसकट विकली जात आहे, असा तिचा अर्थ. नंतर गिअरबॉक्स निकामी निघाला तर तक्रारीला फारसा वाव उरत नाही. ग्राहक आयोगाच्या भरवशावर राहणेही धोक्याचे. चंडीगडमधील लिलावात विकलेल्या भूखंडांच्या प्रकरणात, सार्वजनिक लिलावात जागा घेणारा हा ‘ग्राहक’ ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले. प्रकरण जमिनीचे होते, पण लिलाव करणाऱ्यांचे वकील त्याचा आधार घेऊ शकतात.

त्यामुळे पाहणीचा दिवस चुकवू नये. खापरखेड्याहून नागपूर परिसरातल्या यार्डात जाणे म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम. सोबत ओळखीचा मिस्त्री न्यावा, त्याची हजेरी द्यावी. यार्डात गाडी रस्त्यावर चालवून पाहता येईलच असे नाही. निदान सुरू करून पाहायची मुभा मागावी. सुरूच होत नसेल तर इंजिन खराब आहे असे धरूनच बोली ठरवावी.

नागपूरकरांनी एक गोष्ट जास्तीची पाहावी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि घरांखाली उभ्या असंख्य गाड्या पाण्यात बुडाल्या. त्यातल्या काही दुरुस्त झाल्या, काही विमा कंपन्यांकडे गेल्या. पुरातली गाडी वरून चकचकीत असू शकते. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा, आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसते. सीटखालचे बोल्ट आणि रूळ गंजलेले आहेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात माती साचली आहे का, हेडलाइटच्या आत धुके धरले आहे का, हे पाहावे. काचा बंद करून पाच मिनिटे आत बसले तर कुबट वास लपत नाही. अशा गाडीचे इंजिन सावरते, इलेक्ट्रॉनिक्स मात्र वर्षभर एकेक करून जात राहते.

किलोमीटरचा आकडा मागे फिरवलेला असू शकतो. पेडलचे रबर, स्टिअरिंगची झिजलेली कातडी आणि ड्रायव्हर सीटची दबलेली कड यांचे वय मात्र मागे फिरवता येत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन जुन्या नोंदी मिळतात का, तेही विचारावे.

मालकी नेमकी कशाने बदलते?

इथेच खरी मेख आहे. गाडी ताब्यात आली, पैसे भरले, पावती मिळाली, तरी आरटीओच्या नोंदीत नाव बदलत नाही तोवर काम अपुरे राहते.

कर्जाची गाडी असेल तर आरसीवर बँकेचा बोजा नोंदलेला असतो. त्या बँकेच्या लेखी संमतीशिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ नुसार हस्तांतरणाची नोंद होत नाही. साधारण विक्रीत फॉर्म २९ आणि ३० (ज्यांना बोलीभाषेत टीटी फॉर्म म्हणतात) यांवर जुन्या मालकाची सही लागते आणि बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५ वर बँकेची. आधार-ओटीपीच्या मार्गाने घरबसल्या काम करायचे तर जुन्या मालकाच्या मोबाइलवरचा ओटीपी हवा. ज्याची गाडी ओढून नेली आहे, तो माणूस तुम्हाला प्रेमाने ओटीपी सांगेल ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

अशा वेळी कायद्याने दुसरी वाट ठेवली आहे. कर्जदाराने हप्ते थकवले, गाडी ताब्यात घेतली, पण तो आरसी देत नाही किंवा सापडत नाही, हे बँकेने आरटीओला पटवून दिले, तर आरटीओ त्या मालकाला नोटीस देऊन बाजू मांडण्याची संधी देते आणि नंतर बँकेच्याच नावाने नवे आरसी देऊ शकते. यासाठी बँक फॉर्म ३६ भरते. त्यानंतर बँक ती गाडी तुमच्या नावे करते. ही वाट भक्कम, पण वेळखाऊ. म्हणून बोलीआधीचा सर्वांत मोलाचा प्रश्न असा : आरसी आज कुणाच्या नावे आहे आणि हस्तांतरणाचे कोणते कागद, किती दिवसांत, कोण देणार? ‘कागद नंतर मिळतील’ हे उत्तर आले तर बोली तेवढी खाली आणावी किंवा गाडी सोडून द्यावी.

सरकारी लिलावासाठी वेगळा फॉर्म आहे. केंद्र किंवा राज्य सरकारच्या वतीने झालेल्या जाहीर लिलावात घेतलेल्या वाहनासाठी ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत फॉर्म ३२ भरायचा असतो. सोबत विक्री कायम झाल्याचे प्रमाणपत्र आणि लिलावाला मंजुरी देणाऱ्या आदेशाची प्रमाणित प्रत लागते. पोलीस लिलावातून गाडी घेणारे ही प्रत मागायला विसरतात आणि मग महिनोन्महिने ठाण्याच्या पायऱ्या झिजवतात.

खापरखेडा सावनेर तालुक्यात येते, म्हणजे नागपूर ग्रामीण आरटीओच्या हद्दीत, एमएच-४० पासिंगच्या. मध्य प्रदेशची सीमा इथून दूर नाही. छिंदवाड्याकडच्या यार्डातली एमपी पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण तिथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र आणावे लागते आणि महाराष्ट्रात नवा क्रमांक घेताना इथला मोटार वाहन कर भरावा लागतो. तो धरला की स्वस्ताई बरीच विरघळते. टॅक्सी म्हणून चाललेली पिवळ्या पाटीची गाडी खासगी करायची तर परवाना जमा करणे आणि कराचा फरक भरणे आले. आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा क्रमांक पाटी बसवलेली नसेल, तर ती बसवल्याशिवाय राज्यात आरटीओची कामे अडतात.

बोलीआधीची मोफत तपासणी मोबाइलवरच होते. एम-परिवहन ॲपवर किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, मालकाचा क्रम, बोजा, विमा आणि फिटनेसची मुदत, वाहन काळ्या यादीत आहे का, हे दिसते. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलान पोर्टलवर थकलेला दंड कळतो. तो कोण भरणार हे लिलावाच्या अटींत पाहावे. चोरीच्या गाडीची शंका असेल तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत क्रमांक तपासता येतो. आणि यार्डात गेल्यावर गाडीवर कोरलेला चासी क्रमांक आरसीवरच्या क्रमांकाशी अक्षर-अक्षर जुळवावा.

सर्वोच्च बोली लावली, म्हणजे गाडी आपली झाली का?

नाही. बहुतेक बँकांच्या लिलावात सर्वोच्च बोली ही ‘मंजुरीच्या अधीन’ असते. बँकेला रक्कम कमी वाटली तर ती नाकारते किंवा थोडे वाढवा म्हणून फोन येतो. तोवर तुमचा बयाणा अडकलेला असतो. वस्तू विक्री कायदा १९३० च्या कलम ६४ नुसार हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते, पण ऑनलाइन अटींना ‘मान्य आहे’ म्हणताना आपण अनेकदा तो मार्ग बयाण्याच्या बदल्यात सोडून दिलेला असतो. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे. विक्रेत्याने किंमत फुगवण्यासाठी खोट्या बोली लावल्या, तर खरेदीदाराला व्यवहार रद्द करता येतो. पडद्यामागचा बोली लावणारा खरा की खोटा, हे सिद्ध करणे मात्र सोपे नाही.

मंजुरी आली की पैसे काही दिवसांतच भरायचे असतात. जुन्या गाडीचे कर्ज एवढ्या वेळात क्वचित मंजूर होते, म्हणून रक्कम हाताशी हवी. बिल आणि विक्रीपत्र ज्याच्या नावाने बोली लागली त्याच्याच नावाने निघते. भावाच्या खात्यातून लॉग-इन करून स्वतःसाठी गाडी घेतली, तर एक हस्तांतरण फुकटचे वाढते.

फसवणूक कुठे होते?

खऱ्या बँकेचे बोधचिन्ह लावलेल्या बनावट संकेतस्थळावर आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यादीत. खूण एकच : पैसे एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर मागितले जातात आणि गाडी पाहायला जागा सांगितली जात नाही. बयाणा संस्थेच्या खात्यात जायला हवा आणि लिलावाची सूचना बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा शाखेत पडताळता यायला हवी. पैसे गेलेच तर तासाभरात १९३० या क्रमांकावर फोन करावा. रक्कम पुढे सरकण्याआधी खाते गोठवले गेले तर काही हाती लागते. मधल्या व्यापाऱ्याकडून घेत असाल तर तो आरटीओकडे नोंदलेला डीलर आहे का, हे विचारावे. एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत जुन्या वाहनांच्या डीलरांना अधिकारपत्र घेणे बंधनकारक आहे आणि गाडी ताब्यात आल्याची नोंद झाली की तिची जबाबदारी त्याच्यावर येते.

ज्याची गाडी गेली, त्याचे काय?

लिलावातल्या प्रत्येक गाडीमागे हप्ते थकलेले एक घर असते आणि खापरखेड्यासारख्या कंत्राटी रोजगाराच्या गावात ते घर शेजारचेही असू शकते. त्यालाही हक्क आहेत. गुंडांच्या जोरावर वसुली करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर प्रकरणात २००७ मध्ये बजावले. गाडी ताब्यात घेण्याआधीची नोटीस, विकण्याआधी रक्कम भरण्याची शेवटची संधी आणि विक्रीची पद्धत यांचा उल्लेख कर्जकरारात असावा, असे रिझर्व्ह बँकेचे वित्तीय कंपन्यांना निर्देश आहेत. गाडी थकबाकीपेक्षा जास्त रकमेला गेली तर वरची रक्कम कर्जदाराची. कमी रकमेला गेली तर उरलेली थकबाकी त्याच्या मानेवर राहते. म्हणून गाडी केवढ्याला विकली, कोणते खर्च वजा केले, याचा हिशेब त्याने लेखी मागायला हवा.

नवा मालक नोंद बदलून घेत नसेल तर त्याचा फास जुन्या मालकाच्या गळ्याभोवती राहतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार प्रकरणात गाडी अनेक हातांतून विकली गेली होती, आरसीवर मात्र पहिल्याच मालकाचे नाव होते. अपघात झाला आणि ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्या नोंदीतल्या मालकावर टाकली. गाडी कधीच हातातून गेलेल्या माणसाला चलानचे संदेश येतात, फास्टॅगमधून पैसे कापले जातात. त्याचा जुना फास्टॅग बंद होईपर्यंत नव्या मालकालाही त्या गाडीवर दुसरा घेता येत नाही. गाडी ओढून नेलेल्याने फास्टॅग लगेच बंद करावा, ताबा घेतल्याची पावती जपून ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी एम-परिवहनवर जुना क्रमांक टाकून पाहावा. मालकाच्या क्रमात १ च्या जागी २ दिसू लागला असेल, तर नोंद बदललेली आहे. अजून १ असेल, तर बँकेला लेखी पत्र आणि त्याची एक प्रत आरटीओत.